उचकी सातव्या मात्रेवर

चि. दिग्दर्शकास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या संगीत बालनाट्याची संहिता दोनदा वाचली. उचकी लागलेला राक्षस ही कल्पना झकास आहे. कुणीतरी आठवण काढली की उचकी लागते हे आपल्याकडच्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं, त्यामुळे ‘या मेल्याची आठवण काढतंय तरी कोण?’ हा प्रश्न पडदा उघडल्यावर पाच मिनिटांत सगळ्यांच्या डोक्यात बसतो.

पण दीड तासाचं नाटक आणि अकरा गाणी? तुझी मुलं आठ ते तेरा वयाची, बहुतेकांचं पहिलंच नाटक. पन्नास मिनिटं पुष्कळ झाली. सहा गाणी ठेव, प्रत्येकी दोन मिनिटांची: मुखडा आणि दोन अंतरे. कुठलं काढायचं हे कळत नसेल तर प्रत्येक गाण्याच्या आधीची आणि नंतरची परिस्थिती एकेका ओळीत लिही. दोन्ही ओळी सारख्या निघाल्या की गाणं बाद. बागेतलं फुलपाखरांचं गाणं गोड आहे, तरी ते जाणार. वैद्यबुवांचं गाणं मात्र हवंच, कारण त्यात साखर, पाणी, श्वास रोखणं, पाठीवर धपाटा असे उपाय एकामागून एक फसत जातात आणि राजा जास्त जास्त घाबरतो.

पट्टीकडे, म्हणजे सा पेटीच्या कुठल्या स्वरावर धरायचा त्याकडे, नीट बघ. चाल लावणारा आपल्या गळ्याला सोयीचा सा धरतो आणि मुलं तीच पट्टी निमूट उचलतात. मग खालचे स्वर पुटपुटल्यासारखे येतात आणि अंतरा वर गेला की किंचाळणं सुरू होतं. या वयाच्या मुलांचा गळा साधारण पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून (पहिली पांढरी पट्टी) वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत आरामात चालतो. चालीतला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर शोध, ते दोन्ही या टापूत येतील अशी पट्टी धर. सा कुठे पडतो याची फिकीर नको. राक्षसाचं काम करणारा मुलगा तेरा वर्षांचा आहे ना? आवाज फुटायचं वय ते, दीड महिन्याच्या तालमीत गळा बदलू शकतो. त्याला ठेक्यात बोलता येतील अशा ओळी दे आणि सुरांचं ओझं कोरसवर टाक. घोगरा आवाज तर मुळीच काढायला लावू नकोस. रंगीत तालमीपर्यंत घसा बसलेला असेल. सावकाश चाल आणि लांब थांबे यांनीही राक्षस मोठा वाटतो.

आता उचकीचं गाणं. तू संहितेत कंसात ‘मधूनमधून उचक्या’ असं लिहिलं आहेस. मधूनमधून म्हणजे पोरं वाट्टेल तिथे उचकणार आणि एकही हशा येणार नाही. केरवा ताल आठ मात्रांचा, म्हणजे आठ ठोक्यांचं एक आवर्तन. गाण्याची ओळ सहा मात्रांत संपव, सातवीवर उचकी, आठवी रिकामी. तबलजीने उचकीवर एकच थाप द्यायची, तोंडाने आवाज राक्षसाचा. दोन आवर्तनं हे असंच होऊ दे. प्रेक्षकाला जागा कळते, तो स्वतःच सातवीची वाट बघायला लागतो. तिसऱ्या आवर्तनात सातवी मात्रा कोरी सोड. तबला बंद, कोरस जागच्या जागी गोठलेला, राक्षस खूश. पुढच्या आवर्तनात ओळ पुन्हा सुरू, आणि सातवीवर उचकी लागते ती राजाला. हसं तिथे पिकतं. हे चार आवर्तनांचं काम आधी आठ दिवस नुसत्या टाळ्यांवर बसव, मग शब्द, मग चाल, हालचाल सगळ्यात शेवटी. अंगात आलं की मुलं लय वाढवतात, आणि लय धावली की आठवी मात्रा गिळली जाते. म्हणून रोज मोबाईलवरच्या, एकसारखे ठोके देणाऱ्या मेट्रोनोमशी पडताळ.

नाचताना गाणं लहान मुलांना झेपत नाही, दम लागतो. ओळ गाताना पाय स्थिर आणि फक्त हात. उड्या, गिरक्या सगळ्या मधल्या म्युझिकला.

हशानंतर किती थांबायचं हे शिकवावं लागतं. हशा पूर्ण विझेपर्यंत थांबलं की प्रसंग मरतो; आवाज उतरायला लागला की पुढचं वाक्य, थोडं वरच्या आवाजात. तोवर चेहरा तसाच धरून ठेवायचा. तालमीत निम्म्या मुलांना समोर बसवून मुद्दाम खोटं हसायला लाव. याच कारणासाठी तयार ट्रॅक घेऊ नकोस. ट्रॅक हशासाठी थांबत नाही, पेटी-तबला थांबतो. वादक मिळालेच नाहीत तर प्रत्येक गाण्याची वेगळी फाईल कर, सुरुवातीला चार मोजण्या घाल आणि दुसऱ्या मोबाईलवर प्रत ठेव. दोन्ही मोबाईल फ्लाइट मोडवर, नाहीतर राजदरबारात कुणाच्या तरी मामाचा फोन वाजेल.

राक्षसाच्या तोंडी आपली रांगडी बोली शोभेल. फक्त ‘नाद खुळा’ आणि ‘लई भारी’ काढून टाक, ते आता टी-शर्टवर छापून विकतात. बोली वाक्याच्या वळणात असू दे: ‘आता गं बया, कोण काढतंय रं माझी आठवण?’ एवढं पुरतं.

पूर्ण मुखवटा नको, गाणं आत कोंडतं. नाकापर्यंतचा अर्धा कर, ओठ मोकळे. गणपतीच्या दिवसांआधी कुंभार गल्लीत शाडू मिळतो, त्याचा साचा करून वर पातळ प्लॅस्टिक आणि मग वर्तमानपत्राच्या तुकड्यांचे सहा थर. मैद्याच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. तो विषारी, मुलांच्या तोंडाशी नको. फेविकॉल आणि पाणी निम्मं निम्मं घे. उन्हाळ्यात दोन दिवसांत वाळेल, पण आपल्या जूनमध्ये पंख्याखाली चार-पाच दिवस धर, घाई केलीस तर आतून बुरशी येते. दाढीचा गम आदल्या दिवशी मुलाच्या कानामागे लावून बघ.

गुहेत तू खऱ्या मशाली लिहिल्या आहेस. त्या विसर. २०२४च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं. त्यानंतर कोल्हापुरात कुणी मुलांच्या हाती पेटता बोळा देणार नाही. नारिंगी जिलेटिन कागद लावलेली बॅटरी, वर पतंगी कागदाच्या झिरमिळ्या आणि खाली छोटा पंखा. चार फुटांवरून ज्योतच वाटते.

राजाचा बेडूक होतो तिथे काळोख करू नकोस. काळोखात छोटी मुलं एकमेकांवर आदळतात आणि एखादं रडतं. दोघींनी अंतरपाट धरावा, कोरसने मंगलाष्टकाच्या थाटात ‘सावधान’ म्हणावं, पाट खाली. कपडे बदलायला आठ मोजण्या मिळतात आणि लग्नातला अंतरपाट बघून लोक आधीच हसायला लागतात. बदल वीस वेळा घड्याळ लावून कर.

रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवायचे फूट माईक तीनच असतील. राक्षसाचं पाय आपटणं फळ्यांतून थेट त्यांत शिरतं, तेव्हा तो मागच्या बाजूला आपटेल असं बघ आणि माईकच्या स्टँडखाली फोमचे तुकडे सरकव.

सहाही गाण्यांचे खालचे-वरचे स्वर पेटीवर काढून कागदावर लिही आणि पाठव. राक्षसाचं आधी.

तुझा,
काका