'विसार', 'अनामत' आणि करारनाम्यातले 'डिपॉझिट'

सोलापुरातील एका गृहस्थांचे अक्कलकोट रस्त्यावर फार्महाऊस आहे. सुट्टीत येणाऱ्या कुटुंबांना ते दोन-चार दिवसांसाठी देतात आणि त्याच्या बुकिंगचा करारनामा मराठीत तयार करीत आहेत. नोंदणीच्या वेळी घेतलेल्या रकमेला विसार म्हणावे, अनामत म्हणावे की सरळ डिपॉझिट लिहावे, असा त्यांचा प्रश्न आहे. त्यांच्या कच्च्या मसुद्यातले कलम असे: 'रु. ५,००० डिपॉझिट भरल्यावर बुकिंग पक्के समजले जाईल. डिपॉझिट परत मिळणार नाही. मोडतोड झाल्यास डिपॉझिटमधून वसूल केली जाईल.'

खरी अडचण या कलमातच आहे. पहिल्या दोन वाक्यांतले डिपॉझिट सौदा पक्का करण्यासाठी दिलेले आहे, तर तिसऱ्या वाक्यातले मोडतोडीची हमी म्हणून ठेवलेले आहे. जी रक्कम परत द्यायचीच नाही, तिच्यातून वसूल काय करणार? मराठीत या दोन रकमांना दोन वेगळी नावे पूर्वीपासून आहेत आणि ती वापरली की कलम आपोआप सरळ होते.

सौदा ठरल्याची खूण म्हणून दिलेली आणि पुढे एकूण रकमेत वळती होणारी रक्कम म्हणजे विसार. बोलण्यात त्याचेच इसार होते. जमिनीच्या व्यवहारातली विसारपावती आपल्या परिचयाची आहेच. बयाणा हा याच अर्थाचा दुसरा शब्द. संस्कृतात या रकमेला सत्यंकार म्हणत, म्हणजे दिलेला शब्द खरा करणे. याज्ञवल्क्यस्मृतीत 'सत्यंकारकृतं द्रव्यं द्विगुणं प्रतिदापयेत्' असे वचन आहे. सत्यंकार म्हणून घेतलेले द्रव्य दुपटीने परत करवावे, असा त्याचा अर्थ. विसार केवळ देणाऱ्याला बांधतो ही समजूत अपुरी आहे, हे यावरून लक्षात यावे. दुप्पट देण्याचा हा नियम आज बंधनकारक नाही. पण पाहुण्याने बुकिंग रद्द केल्यास काय, एवढेच लिहून मालकाने रद्द केल्यास काय, हे मोकळे सोडणे मला अन्यायाचे वाटते. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ऐन वेळी जागा नाकारली गेली, तर लहान मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबाने कुठे जावे?

अनामत हा शब्द अरबी अमानत यावरून आला आहे: विश्वासाने सोपवलेली वस्तू. ती ठेवून घेणाऱ्याच्या हाती असली तरी मालकी देणाऱ्याचीच राहते आणि काम संपले की ती परत करायची असते. निवडणुकीत अनामत जप्त होते, हे खरे. पण एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ती जाईल, ही अट कायद्यात आधीच लिहिलेली असते. परत मिळणे हा नियम आणि जप्ती हा स्पष्ट लिहिलेला अपवाद.

हा भेद न्यायालयानेही महत्त्वाचा मानला आहे. लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासळी पुरविण्याच्या दोन ठेक्यांतील मिळून १८,५०० रुपयांच्या अनामतीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली, मौला बक्ष विरुद्ध भारत सरकार या खटल्यात, निर्णय दिला की ही रक्कम विसार नव्हे, त्यामुळे झालेले नुकसान सिद्ध केल्याशिवाय सरकारला ती ठेवून घेता येणार नाही. अर्थात नुसते विसार असे नाव दिल्याने कितीही मोठी रक्कम बुडविण्याचा हक्क मिळत नाही. ती वाजवीच असावी लागते.

आगाऊ रक्कम हा शब्दप्रयोग चुकीचा नाही, पण त्यातून फक्त 'आधी दिलेली' एवढेच कळते. ती कशासाठी दिली, हे कळत नाही. उचल तर इथे मुळीच नको. आपल्या जिल्ह्यात ऊसतोडणीच्या टोळीला दिलेल्या पैशाला उचल म्हणतात आणि ती कामातून फेडायची असते.

तेव्हा मसुदा असा करावा: 'विसार रु. ३,००० मिळाल्यावर नोंदणी पक्की होईल व ही रक्कम एकूण भाड्यात वळती केली जाईल. येण्याच्या तारखेपूर्वी किमान सात दिवस नोंदणी रद्द केल्यास विसार पूर्ण परत केला जाईल. त्यानंतर रद्द केल्यास परत मिळणार नाही. मालकाने नोंदणी रद्द केल्यास विसार पूर्ण परत करून वर तेवढीच रक्कम भरपाई म्हणून दिली जाईल. अनामत रु. २,००० येतेवेळी घेतली जाईल व जाताना मोडतोडीचा प्रत्यक्ष खर्च वजा करून त्याच दिवशी परत केली जाईल.' आकडे अर्थातच आपल्या सोयीने बदलावेत. 'सात दिवसांच्या आत रद्द केल्यास' असे मात्र लिहू नये, कारण ते सात दिवस नोंदणीपासून मोजायचे की येण्याच्या तारखेपासून उलटे, यावर वाद होतो.

मसुद्यातला 'भाडेकरू' हा शब्दही बदलावा. त्याला भाडे नियंत्रण कायद्याचा अर्थ चिकटलेला आहे; दोन रात्रींसाठी आलेल्यांना 'पाहुणे' पुरे. 'दोन दिवस' ऐवजी 'दोन मुक्काम' लिहावे, कारण मुक्काम रात्रीने मोजला जातो, आणि त्यापुढे वेळही घालावी: शनिवारी दुपारी १२ पासून सोमवारी सकाळी १० पर्यंत.