डोळा बाहेरच्या बाजूला वळत नसेल तर दोष नर्व्हचा की स्नायू अडकलाय? एमआरआय काढला की कळतं का?

कळेलच असं नाही. आणि तुम्ही माझ्या दुखऱ्या नसेवरच बोट ठेवलंय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी एक गृहस्थ आले. जुना मधुमेह, उजवा डोळा बाहेर जाईना, लांबचं दोन-दोन दिसायचं. सरांनी बघताक्षणी सांगून टाकलं: सहावी नर्व्ह (डोळा बाहेर वळवणारी), शुगरमुळे, तीन महिन्यांत आपोआप सुधारेल. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला आणि शिक्कामोर्तब झालं. (शुगरची पाल्सी, म्हणजे नर्व्हचा लकवा, एमआरआयवर सहसा दिसतच नाही. मग नॉर्मल रिपोर्टने नेमकं काय सिद्ध झालं?)

मी त्यांना भराभर डावीकडून उजवीकडे बघायला लावलं. नर्व्ह लुळी असेल तर डोळा रखडत जातो. यांचा झटक्यात निघायचा आणि दाव्याला बांधलेल्या वासरासारखा मधेच थबकायचा. पाल्सीत दुसरा डोळा झाकला की हालचाल थोडी वाढते, इथे तेवढीच राहिली. वरची पापणीही जरा वर ओढलेली, थायरॉईडच्या आजारात असते तशी. म्हटलं, सर, फोर्स्ड डक्शन, म्हणजे चिमट्याने डोळा धरून वळवायची टेस्ट, करून बघू? "थायरॉईडचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, उगाच चिमटे कशाला?" संपला विषय.

तीन महिन्यांनी डावा डोळा वर जाईना, तेव्हा परवानगी मिळाली. सुन्न करायचे ड्रॉप्स घालायचे, बुबुळाच्या कडेशी चिमट्याने धरायचं, पेशंटला बाहेर बघायला सांगायचं आणि आपणही डोळा तिकडेच वळवायचा. अलगद वळला तर नर्व्ह, अडला तर यांत्रिक, म्हणजे स्नायूच अडकलेला. वळवताना डोळा आत दाबायचा नाही. दाबला की घट्ट स्नायू सैल पडतो आणि टेस्ट फसते. त्या दिवशी हाताला लागलेला ताण अजून आठवतो. ऑर्बिटच्या (डोळ्याच्या खोबणीच्या) सीटीत मिडियल रेक्टसचं, म्हणजे डोळा आत ओढणाऱ्या स्नायूचं, पोट सुजलेलं, टेंडन (स्नायूचं टोक) शाबूत. थायरॉईडचाच डोळा, रक्तातले आकडे नॉर्मल असतानाही तो होतो. गृहस्थ सिगारेट ओढायचे. या आजाराला सिगारेट म्हणजे खतपाणी, आणि तीन महिने त्यांना कोणी "सोडा" म्हटलं नव्हतं. याचा राग माझा आजही गेलेला नाही.

म्हणून माझं मत: डोळ्याला हात न लावता फक्त मेंदूचा स्कॅन मागवणारा डॉक्टर आळशी असतो. स्कॅन करायचाच तर ऑर्बिटही बघा.

आता थोडं माझ्याविरुद्ध. पुढे एकदा एक डोळा ओढून पाहिला, घट्ट लागला, मी छातीठोकपणे "यांत्रिक" लिहिलं. निघाली कित्येक वर्षांपूर्वीची सहाव्या नर्व्हची पाल्सी. दरम्यान विरुद्ध बाजूला, आत ओढणारा स्नायू आखडून गेला होता. स्नायू आज घट्ट आहे एवढंच चिमटा सांगतो, सुरुवात कशाने झाली ते नाही. अशा वेळी डोळा धरून ठेवून पेशंटलाच जोर लावायला सांगावं; स्नायूत किती दम उरलाय ते हाताला कळतं. मायस्थेनिया (स्नायू लवकर थकवणारा आजार) तर दोन्हींची नक्कल करतो.

हे सगळं निवांत वेळ असेल तेव्हाचं. पापणी अचानक पडली आणि त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. तसंच, डोळ्याला मार लागलेलं मूल, डोळा वर जात नाही, उलट्या होतायत, नाडी मंद: डोळा पांढराशुभ्र दिसला तरी स्नायू फ्रॅक्चरमध्ये चिमटलेला असू शकतो आणि ऑपरेशन एक-दोन दिवसांत व्हावं लागतं. तिथे जाग्या मुलाच्या डोळ्यात चिमटा घालत बसू नका, आणि हे मी सांगतोय.