भित्तिका, पटल आणि ओवरी

म्हसरूळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या सातवीतल्या लेकीने ‘पेशीभित्तिका’ आणि ‘प्रद्रव्यपटल’ या दोन्ही शब्दांपुढे ‘पेशीचे आवरण’ असं लिहिलं आणि दोन्हींचे गुण गेले. ताई विचारतात, दोन्ही आवरणंच ना, मग चुकलं कुठे? आणि जोडीला आणखी एक: हिंदीत ‘कोशिका’ म्हणतात, तर आपण ‘पेशी’ का म्हणतो?

ताई, आधी तुमच्या लेकीचं बघू. संस्कृत ‘भित्ति’चीच आपल्याकडे भिंत झाली. तिला ‘का’ लागून ती लहान झाली, म्हणजे भित्तिका. ‘पटल’ हा शब्दही घरातलाच आहे. जुनी माणसं म्हातारपणी ‘डोळ्यावर पडळ आलं’ म्हणत, ते पडळ म्हणजे हे पटल. पातळ, ओलसर पापुद्रा. भिंतीचं काम आकार देणं, जोर सोसणं. पटलाचं काम आत काय घ्यायचं आणि बाहेर काय सोडायचं ते ठरवणं. पाठ्यपुस्तकात त्याला ‘निवडक्षम पारपटल’ म्हणतात ते याचसाठी. ‘आवरण’ म्हटलं की दोघांची कामं एकात मिसळतात, आणि गुण गेले ते तिथे.

शब्दांतला हा फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर आपल्या नाशिक जिल्ह्यात त्याला तोटा नाही. लासलगावी येतो तसला लाल कांदा घ्या. त्याच्या मांसल पाकळीवरचा जांभळट पापुद्रा अलगद सोलून काचपट्टीवर ठेवा आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा. विटांच्या बांधकामासारख्या पेशी दिसतात, जांभळ्या रंगाने काठोकाठ भरलेल्या. आता कडेने दाट मिठाच्या पाण्याचा एक थेंब सोडा. थोड्या वेळात जांभळा रंग चारी बाजूंनी आत सरकतो, गोळा होतो, पण विटांची चौकट जागची हलत नाही. जी हलली नाही ती भित्तिका. जो गोळा आकसला त्याची कड म्हणजे प्रद्रव्यपटल. पाणी पटलातून बाहेर गेलं, भिंत मात्र तशीच उभी राहिली. पुस्तकात याला ‘रससंकोच’ म्हणतात. पारिभाषिक शब्दांत इतका नेमका आणि इतका मराठी शब्द क्वचितच सापडतो.

प्राण्यांच्या पेशीला ही भिंत नसते, फक्त पटल असतं. म्हणून रक्तातली तांबडी पेशी साध्या पाण्यात टाकली तर फुगते आणि फुटते. कांद्याची पेशी पाण्यात फुगली तरी भिंत तिला सावरते. दवाखान्यात शिरेतून नुसतं पाणी न देता 0.9 टक्के मिठाचं सलाईन देतात, त्यामागे हेच कारण आहे. जिवाणूला परत भित्तिका असते, पण तिचा माल वेगळा. वनस्पतीची भिंत मुख्यतः सेल्युलोजची, जिवाणूची पेप्टिडोग्लायकनची. पेनिसिलिन या दुसऱ्या भिंतीचं बांधकाम थांबवतं. आपल्या पेशींना भिंतच नाही, त्यामुळे त्या वाचतात. जिवाणूत पटलाने वेढलेलं केंद्रकही, म्हणजे पेशीचा गाभाही, नसतं, म्हणून तो ‘आदिकेंद्रकी’.

आता ‘पेशी’कडे वळतो. माझा जीव खरं तर या प्रश्नात गुंतला आहे.

1665 मध्ये रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप भिंगाखाली पाहिला. त्याला रिकामे कप्पे दिसले आणि त्याने त्यांना ‘सेल’ म्हटलं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लहान खोली, आणि मठातल्या साधूच्या खोलीलाही तेच नाव होतं. अशा खोल्या बघायला नाशिककराला लांब जावं लागत नाही. पांडवलेण्यांच्या विहारांत मधल्या मंडपाच्या कडेने भिक्षूंच्या खोल्या कोरलेल्या आहेत. दहाव्या लेण्यातल्या लेखात क्षत्रप राजा नहपानाची मुलगी आणि उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने दिलेल्या खोलीला ‘ओवरक’ म्हटलं आहे. संस्कृत ‘अपवरक’, प्राकृत ‘ओवरक’ आणि आपली देवळातली ‘ओवरी’ ही एकाच शब्दाची चाल आहे. हूकच्या शब्दाचं नुसतं भाषांतर करायचं असतं, तर तो मान ओवरीचा होता!

तसं झालं नाही, आणि ते बरंच झालं असं मला मनापासून वाटतं. हूकने पाहिल्या त्या मेलेल्या बुचाच्या भिंती होत्या, आतला जीव केव्हाच गेलेला. हिंदीने ‘कोश’ घेतला. कोश म्हणजे म्यान, वेष्टन, रेशमाच्या किड्याचं घर. म्हणजे ‘कोशिका’ त्या खोलीच्या जवळच राहिली. ‘पेशी’ म्हणजे मांसाचा गोळा. सुश्रुत शरीरात पाचशे पेशी मोजतो, त्या अर्थातच स्नायू. हिंदीत ‘मांसपेशी’ अजून त्या अर्थाने चालते, आणि ‘मांसपेशी बळकट करा’ असं मराठीत कुणी लिहिलं की वाचणारा गोंधळतो. आपल्याला ‘स्नायू’ पुरेसा आहे. गंमत म्हणजे अमरकोशात पक्ष्याच्या अंड्याचे शब्द सांगताना ‘पेशी’ आणि ‘कोश’ शेजारीशेजारी आले आहेत. एका अंड्यातून मराठीने आतला गर उचलला, हिंदीने कवच. प्राण्याच्या भिंत नसलेल्या पेशीलाही आपला शब्द चपखल बसतो, तो त्यामुळेच.

सगळेच पारिभाषिक शब्द असे साधलेले नाहीत. ‘रिक्तिका’, म्हणजे पेशीच्या आतली पिशवी (इंग्रजीत व्हॅक्युओल), हा शब्द मला कायम खटकतो. रिक्त म्हणजे रिकामं, आणि वनस्पतीच्या वाढलेल्या पेशीत हीच रिक्तिका नव्वद टक्क्यांपर्यंत जागा व्यापते, तीही रसाने भरलेली. कांद्याचा तो जांभळा रंग तिच्यातलाच. द्राक्षाच्या मण्यातली साखर आणि आंबटपणाही मुख्यतः तिच्यातच साठतो. मणी मऊ पडून गोडी धरू लागला की दिंडोरी-निफाडचे बागायतदार ‘पाणी उतरलं’ म्हणतात. या दोन शब्दांत मण्याच्या पोटातलं जे कळतं, ते ‘रिक्तिका’ या नावात कळत नाही.

बोलण्यातली एक चूकही इथेच सांगतो, कारण ती काळजीच्या वेळी होते. डेंग्यूच्या दिवसांत ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ असं घरोघरी ऐकू येतं. पुष्कळदा बोलणाऱ्याच्या मनात प्लेटलेट असतात. त्या पांढऱ्या पेशी नव्हेत. अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींचे ते तुकडे असतात आणि त्यांना केंद्रक नसतं. डेंग्यूत पांढऱ्या पेशीही कमी होऊ शकतात, पण तो रिपोर्टमधला वेगळा आकडा. नातेवाइकांना फोनवर सांगताना ‘प्लेटलेट’च म्हणावं.

ताई, लेकीला पुढच्या वेळी एवढं लिहू द्या: ‘प्रद्रव्यपटल सर्व पेशींना असते व ते पदार्थांची ये-जा ठरवते, पेशीभित्तिका त्याच्या बाहेर असते, पेशीला आकार व आधार देते, आणि प्राणीपेशीत ती नसते.’ आणि लाल कांदा तिला स्वतःच्या हातांनी सोलू द्या.