सोलापूर ते हंपी बाईकवर, सोबत कुत्री: जमेल का?

तुम्ही विचारलंय की तीन वर्षांची गावठी कुत्री आहे, तिला घरी एकटं ठेवून जायला मन होत नाही, साडेतीनशे सीसीची बुलेट आहे, जानेवारीत तिला मागे बसवून सोलापूरहून हंपीला जाता येईल का आणि बॉक्स कुठला घ्यावा. जाता येतं. मी पण सोलापूरचाच, आमची बिजली (कारवान ही शिकारी जात आणि गावठी यांचं मिक्स, वीस किलोच्या आसपास) बरीच वर्षं माझ्यासोबत बाईकवर फिरते आणि हंपीचा रस्ताही आम्ही केलाय. पण बॉक्सचं नंतर बघू, आधी हे सांगा की तुमची कुत्री बॉक्समध्ये स्वतःहून चढेल का? उचलून ठेवावं लागत असेल तर तिला अजून यायचं नाहीये, आणि जिला यायचं नाही तिला तीनशे किलोमीटर बांधून नेणं मला तरी पटत नाही. कायद्यालाही पटत नाही, प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदा आहे त्याच्या कलम ११ मध्ये जनावराला विनाकारण त्रास होईल अशा रीतीने वाहून नेणं हा गुन्हा आहे.

बॉक्स आणला की लगेच गाडीवर लावू नका. हॉलमध्ये फरशीवर ठेवा, आत तिची रोजची चादर टाका आणि आठवडाभर तरी जेवण त्यातच द्या. आत जाऊन झोपायला लागली की मग तो मेन स्टँडवर उभ्या केलेल्या गाडीवर लावायचा, इंजिन बंद. तेही सवयीचं झालं की इंजिन चालू, पण गाडी जागेवरच. इथे अजिबात घाई करू नका, कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा लई तिखट असतात आणि बुलेटची धडधड थेट तिच्या पोटाखाली येते. बिजली तेव्हा सारख्या जांभया द्यायची आणि ओठ चाटायची. बघणाऱ्याला वाटतं झोप आली असेल, पण ती झोप नसते, ते टेन्शन असतं. असं दिसलं की इंजिन बंद करायचं, तिला खाली घ्यायचं, उद्या परत. असं करत करत एके दिवशी मी नुसती चावी हातात घेतली तर ही आधीच पळत जाऊन फूटरेस्टवर पुढचे दोन पाय टेकवून उभी, मान मागे वळवून माझ्याकडे बघतेय, शेपटी जोरात हलतेय. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा गल्लीच्या बाहेर पडलो. तुम्ही पण त्या दिवसाची वाट बघा, भले जानेवारीचा मार्च झाला... म्हणजे मार्चमध्ये तर उन्हामुळे जायचंच नाही, मग पुढच्या हिवाळ्यात जा.

सरावाला आधी हिप्परग्याच्या तलावापर्यंत, मग अक्कलकोट, मग तुळजापूरचा घाट, कारण वळणावर ती कुठल्या बाजूला झुकते हे सपाट रस्त्यावर कळत नाही. नान्नजकडे मात्र कृपया नेऊ नका, तो माळढोकचा माळ आहे, पक्षी जवळपास संपलेत आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला कुत्र्याचा वाससुद्धा नको.

आता बॉक्स. ऑनलाइन तयार मिळतात ते बहुतेक छोट्या कुत्र्यांसाठी टाकीवर लावायचे असतात, सात-आठ किलोपर्यंत ठीक. मोठ्या कुत्र्यासाठी मी वेल्डरकडून एक इंची चौकोनी पाइपची फ्रेम करून घेतली, तळाला प्लायवुड, त्यावर रबर मॅट आणि मॅटवर घडी घातलेली आपली सोलापुरी चादर. मॅट नसेल तर चादर सरकते आणि ब्रेक मारला की कुत्री पुढे घसरते. लांबी नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, रुंदी आत फिरून बसता येईल इतकी, आणि काठ इतका उंच की ती बसली तर छाती काठाच्या खाली राहील. फ्रेम पिलियन सीटवर जितकी पुढे घेता येईल तितकी घ्या, मागच्या एक्सलच्या मागे वजन गेलं की हँडल हलकं होतं आणि गाडी डोलते. मागच्या चाकाची हवा आणि सस्पेन्शन डबल सीटप्रमाणे ठेवा. सायलेन्सर कंपनीचाच पाहिजे, फटफट आवाजाचा लावला असेल तर काढा, ती त्याच्या बरोब्बर वर बसणार आहे तासन् तास.

बांधायचं ते छातीच्या हार्नेसला, गळपट्ट्याला कधीच नाही. गळपट्ट्याला बांधलेल्या कुत्रीने उडी मारली तर ती लटकते आणि फास बसतो, तुम्हाला मागे काय झालं ते कळायच्या आत. हार्नेसला दोन पट्टे, एक डावीकडून एक उजवीकडून, लोखंडी हुकाचे, प्लॅस्टिकचा क्लिप धक्क्याने सुटू शकतो. पट्टे इतके लांब की ती बसेल, झोपेल, वळेल, पण पुढचे पाय काठाबाहेर टाकता येणार नाहीत. उरलेली टोकं टेप लावून आत खोचा, चेनजवळ काहीही लोंबकळायला नको. कुत्र्यांचे गॉगल मिळतात ते घ्याच, साठच्या स्पीडला डोळ्यात किडा किंवा खडीचा कण गेला तर बुबुळाला जखम होते. आणि साठ-पासष्टच्या वर जाऊच नका.

सगळ्यात जास्त काळजी उष्णतेची. आपल्याला अंगभर घाम येतो, कुत्र्याला फक्त पंजाच्या गाद्यांना येतो, बाकी सगळी उष्णता ते धापा टाकून बाहेर काढतं. त्यांचं नॉर्मल टेंपरेचरच १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, १०४ च्या पुढे गेलं की गंभीर आणि १०६ ला जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे जानेवारीतसुद्धा दुपारी पारा तिशीच्या पुढे जातो, त्यात डांबर तापलेलं, शिवाय इंजिनची धग. चालत्या गाडीवर वारा लागतो म्हणून आपल्याला वाटतं तिला बरं वाटतंय, पण खरा त्रास गाडी थांबल्यावर, सिग्नलला नाहीतर ट्रॅफिकमध्ये. जीभ बघत जा. नेहमीची धाप वेगळी, जीभ टोकाला चमच्यासारखी पसरली, लाळ चिकट दोरीसारखी झाली, हिरड्या लालभडक दिसल्या की गाडी लगेच सावलीत. पोटावर, जांघेत, पंजांवर साधं पाणी ओतत राहायचं आणि वारा घालायचा. ओला टॉवेल अंगावर टाकून तसाच ठेवू नका, त्याच्या आत उष्णता कोंडते, आपला सोलापुरी टेरी टॉवेल पाण्याने गच्च करून तिच्या पोटाखाली अंथरा ते चांगलं. रस्त्यावर उतरवताना हाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सहन झालं नाही तर तिच्या पंजांनाही होणार नाही.

उलटं पहाटेचं. बिजलीमध्ये कारवानचं रक्त असल्याने अंगावर चरबी नाही, केस आखूड, पहाटेच्या वाऱ्यात ती अक्षरशः थरथरते, म्हणून निघताना जाकीट घालायचं आणि आठच्या सुमारास काढायचं. तुमची गावठी आहे, केस दाट असतील तर तिला कदाचित लागणार नाही.

जेवण निघायच्या तीन-चार तास आधी आणि तेही अर्धंच, भरल्या पोटी उलटी होते. दर तासाला थांबून पाणी थोडं थोडं. वाटेत खायला मी कडक भाकरी नेतो, दिवसेंदिवस टिकते, दुधात किंवा चिकनच्या बिनमिठाच्या पाण्यात कुस्करली की बिजली चाटून पुसून खाते. शेंगा चटणी लागलेला तुकडा मात्र देऊ नका, त्यात लसूण असतो, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. द्राक्षं-बेदाणेसुद्धा नको, किडनीवर जातं, हे आपल्या द्राक्षांच्या भागात मुद्दाम सांगावं लागतं कारण ढाब्यावर बसलेला एखादा माणूस प्रेमाने काहीही पुढे करतो.

रस्ता सोपा आहे. विजापूर रोडने निघायचं, वडकबाळला सीना, टाकळीला भीमा ओलांडली की धुळखेडपासून कर्नाटक, मग झळकी, होर्ती आणि विजयपूर (म्हणजे आपलं विजापूर), शंभरेक किलोमीटर. तिथून हायवे नंबर ५० ने निडगुंदी, हुनगुंद, इलकल, कुष्टगीवरून हंपीच्या शेजारचं होस्पेट, अजून दोनशेच्या आसपास. माणूस एकटा असेल तर एका दिवसात आरामात जातो, कुत्रीबरोबर दोन दिवस ठेवा, पहिला मुक्काम विजयपूर. सकाळी उजाडता निघायचं, अकराच्या आत दिवसाचं बहुतेक अंतर संपवायचं. अंधारात नाहीच, जानेवारी म्हणजे ऊसतोडीचा सीझन, दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागे लाइट नसताना चाललेले असतात. अलमट्टीजवळ कृष्णेच्या पुलावर बाजूने ट्रक गेला की हवेचा झोत बॉक्सवर आदळतो, बिजली तेव्हा आपोआप खाली दबून बसते, मी फक्त स्पीड कमी करून डाव्या बाजूला राहतो. ढाब्यावर थांबताना आधी तिथली कुत्री किती आहेत ते बघा, त्यांच्या हद्दीत आपण जातोय, म्हणून मी शक्यतो गर्दीचा ढाबा सोडून पेट्रोल पंपाच्या कडेला झाडाखाली थांबतो. आणि संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम असतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी निघू नका, आवाजाने घाबरलेली कुत्री रात्रभर झोपलेली नसते.

हंपीचं एक नीट लक्षात घ्या, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये प्राणी नेता येत नाही, १९५९ च्या नियमातच तसं आहे, विजयपूरच्या गोल घुमटालाही तेच. म्हणजे विठ्ठल मंदिर, कमल महाल बघायचं तर तिच्याजवळ कोणीतरी थांबायला पाहिजे, सोबत अजून एक बाईकवाला मित्र असेल तर आळीपाळीने बघता येतं. मला विचाराल तर नदीपलीकडे आनेगुंदी-सणापूरकडे अंगण असलेला होमस्टे आधी फोन करून, कुत्री आहे हे स्पष्ट सांगून घ्या. सकाळी भाताच्या शेतांच्या बांधावरून तिला फिरवण्यात जी मजा आहे ती देवळात नाही. रात्री मात्र तिला खोलीतच झोपवा, त्या दगडांच्या टेकड्यांमध्ये बिबटे आहेत आणि कुत्रं हे त्यांचं आवडतं भक्ष्य. तुंगभद्रेत पोहायला सोडू नका, मगरी आहेत, भोवरेही आहेत. माकडांपासून लांब.

निघायच्या आधी डॉक्टरकडून रेबीज आणि बाकी लसी, जंताचं औषध, गोचिडाची गोळी किंवा पाठीवरचे ड्रॉप्स, आणि लसीचं कार्ड सोबत, मुक्कामाच्या ठिकाणी विचारतात. परत आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या मध्ये, शेपटीखाली गोचीड शोधा, आणि पुढचे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. जेवण सोडलं, ताप आला, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं तर गोचीड तापाची रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्या, वेळेवर औषध चालू झालं तर कुत्री बरी होतात.