इंग्रजीत सर्वाधिक अर्थ असलेला शब्द कोणता, आणि त्यातला नेमका अर्थ कसा ओळखायचा?

तो शब्द 'रन'. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या सुधारित नोंदीत केवळ क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ आहेत. जुन्या पुस्तकांत याचे उत्तर 'सेट' असे मिळते, कारण १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद त्याची होती. मात्र हा आकडा त्या कोशापुरताच. अर्थाच्या छटा किती बारीक वेगळ्या करायच्या हे प्रत्येक कोशकार आपापले ठरवतो, त्यामुळे छोट्या कोशात तो बराच कमी दिसेल.

सगळे अर्थ पाठ करायला जाऊ नका, उपयोग होत नाही. आधी कर्ता पाहा: नाक 'रन' होते तेव्हा वाहते, कपड्याचा रंग 'रन' होतो तेव्हा तो जातो, इंजिन 'रन' होते तेव्हा चालू असते. मग कर्म: दुकान 'रन' करणे म्हणजे चालवणे. सर्वांत जास्त चुका पुढच्या छोट्या शब्दामुळे होतात. 'रन आउट ऑफ' म्हणजे संपणे, 'रन फॉर' पुढे पद आले तर निवडणूक लढवणे. 'रन इन्टू'नंतर भिंत आली तर आदळणे, मित्र आला तर बहुधा अचानक भेट.