पडीक दोन गुंठे हाती घेताना

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

गावाबाहेरचा दोन गुंठ्यांचा पडीक तुकडा भाजीपाल्यासाठी मिळाला, हे वाचून फार बरं वाटलं. पाडवा नुकताच झालाय, म्हणजे मृगाला अजून दोन महिने आहेत. पडीक रान मोडायला वैशाखातल्या उन्हासारखा दुसरा गडी नाही, तेव्हा वेळ अगदी योग्य साधली आहेस.

आधी कागदाचं बोलते. मालक ओळखीचे असले तरी तोंडी शब्दावर राहू नकोस. कसणाऱ्या कुळाला जमिनीवर हक्क देणाऱ्या 1948 च्या कूळ कायद्यापासून जमीन दुसऱ्याच्या हाती देताना लोकांच्या मनात धाकधूक असते, आणि ती समजून घ्यायला हवी. परवानगी किती काळाची, पाणी कुणाचं, पीक उभं असताना जागा परत हवी झाली तर किती दिवस मिळणार, आणि या वापरातून तू जमिनीवर कोणताही हक्क सांगणार नाहीस, एवढं लिहून वकिलाच्या नजरेखालून घाल. पहिल्या वर्षी फळझाडं लावू नकोस.

पाण्याचा हिशोब त्याच बैठकीत कर. गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, 1,089 चौरस फूट. भर उन्हाळ्यात एका गुंठ्यातल्या भाजीला रोज साधारण 500 लिटर पाणी लागतं, म्हणजे वीस लिटरच्या 25 बादल्या. नळी पोचत नसेल तर उन्हाळी भाजीचा विचार आत्ताच सोड आणि पावसावर येणाऱ्या पिकांकडे बघ.

आता साफसफाई. दोन्ही गुंठे एकदम काढायला जाऊ नकोस. बहुतेक जण इथेच हरतात: सगळं रान एका दमात उकरतात, पाऊस पडला की सगळीकडून गवत उठतं आणि खुरपायला हात पुरत नाहीत. कुदळीने नीट मुळं वेचत खणायचं तर सकाळच्या दोन तासांत 50 ते 60 चौरस फूटच होतात. या वर्षी अर्धा गुंठा पूर्ण मोकळा कर, दहा सकाळी त्यातच जातील. उरलेल्या दीड गुंठ्यावरचं गवत फक्त बी धरायच्या आत कापत राहा.

शिरताना गमबूट, जाड पँट, हातमोजे. लांब काठीने गवत आपटत, पायांचा आवाज करत पुढे जा. विटांच्या आणि पाचोळ्याच्या ढिगाखाली घोणस किंवा विंचू असू शकतो, तिथे हात घालण्याआधी दाताळ्याने ढीग ओढून पसर. साप चावलाच तर कापणं, आवळून बांधणं नको. तो अवयव हलू न देता थेट जिथे प्रतिसर्पविष असेल त्या सरकारी रुग्णालयात जायचं. कुठलं ते आधीच विचारून ठेव. आणि काडी लावून रान जाळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. वरचं गवत जळतं, खालच्या गाठी शाबूत राहतात आणि शेजारच्याचं कुंपण पेटतं.

घाणेरी आणि वेडी बाभूळ नुसती कोयत्याने छाटलीस तर बुडख्यातून दुप्पट फुटतील. बुंध्याभोवती खणून, जिथून मुळं फाकतात त्याच्याही खाली, वीतभर खोलीवर तोड. गाजर गवत, म्हणजे आपलं काँग्रेस, 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं आणि तिथून देशभर पसरलं. फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटायचं. फुलल्यावर एकेका झाडाला हजारो बिया येतात. उघड्या हाताने धरू नकोस, अनेकांच्या कातडीला खाज सुटते आणि ती लवकर जात नाही.

खरी कसोटी हरळी आणि लव्हाळ्याची. दोन्ही जवळून बघून घे, म्हणजे पुढचं कशासाठी सांगते ते कळेल. हरळीचा एक वेल ओढ: बोटा-दोन बोटांच्या अंतरावर पेर, आणि प्रत्येक पेरातून मूळही फुटतं, कोंबही फुटतो. म्हणून पहिल्या वर्षी रोटाव्हेटर फिरवायचा मोह टाळ. जमीन तासाभरात लोण्यासारखी दिसते खरी, पण यंत्राने त्या वेलाचे शंभर तुकडे करून सगळ्या वाफ्यात पेरलेले असतात. लव्हाळ्याचा एक कोंब मात्र न ओढता कडेने खणून काढ. कोंबाच्या बुडाशी एक गाठ, तिथून तारेसारखा काळा धागा, त्याला दुसरी गाठ, मग तिसरी, अशी माळ फूटभर खाली गेलेली दिसेल. वरचा कोंब उपटला की धागा तुटतो आणि झोपलेल्या गाठी जाग्या होतात.

दोन्हींना मारतं ते सुकणं. जमीन दगडासारखी झाली असेल तर एकदा भरपूर भिजव आणि वाफसा, म्हणजे खणण्याजोगा बेताचा ओलावा, येऊ दे, हलक्या जमिनीत दोन-तीन दिवस, काळ्या जमिनीत आठवडाभर. मूठभर मातीचा लाडू कमरेच्या उंचीवरून सोडला की फुटला पाहिजे. मग कुदळीने फूटभर खोल मोठी ढेकळं उलटी टाक आणि ती फोडू नकोस. मोठ्या ढेकळात वारा आणि ऊन शिरतं. पंधरा दिवस पाण्याचा थेंब नको. मग पुन्हा उलथापालथ, पुन्हा पंधरा दिवस. हरळीची काडी कट्‌कन मोडायला लागली की दाताळ्याने गोळा कर. गोळा केलेलं लगेच कंपोस्टमध्ये टाकू नकोस, ताडपत्रीवर कुरकुरीत होईपर्यंत वाळव. प्लॅस्टिक अंथरून जमीन तापवण्याची पद्धत बियांवर चांगली चालते, पण लव्हाळ्याचा कोंब प्लॅस्टिकला भोक पाडून वर येतो आणि खोलच्या गाठींपर्यंत ती उष्णता पोचत नाही. लव्हाळा एका उन्हाळ्यात संपत नाही. कोंबाला चार-पाच पानं यायच्या आत दर वेळी काढत राहिलीस तर दोन-तीन वर्षांत गाठी थकतात.

मोकळ्या केलेल्या तुकड्याभोवती फावड्याच्या रुंदीचा, वीतभर खोल चर काढ आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तो साफ कर. बाजूची हरळी तिथूनच परत शिरते.

खत घालण्याआधी मातीचा नमुना घे. पाच-सहा ठिकाणी 20 सेंटिमीटर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे करून कडेची माती खरवड, एकत्र कालव, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून दे, असं करत अर्धा किलो उरव. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याची माती यात नको. शेणखत गुंठ्याला 200 किलो या हिशोबाने तुझ्या मोकळ्या केलेल्या अर्ध्या गुंठ्याला 100 किलो लागेल. हात घातला तर गार लागलं पाहिजे आणि शेणाचा वास येता कामा नये. कच्च्या शेणातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते, आणि गुरांनी खाल्लेल्या तणाच्या बियाही.

उरलेल्या दीड गुंठ्यावर पहिल्या पावसानंतर ताग दाट फेक, गुंठ्याला अर्धा किलो बी. त्याच्या सावलीत गवत दबतं. 45 ते 50 दिवसांनी फुलं दिसू लागली की कापून तिथेच गाड. उशीर केलास तर दांडे चिवट होतात आणि कुजत नाहीत.

पहिल्या पावसाळ्यात भेंडी, गवार, चवळी आणि कडेला लाल भोपळा लाव. यांची रोपं ठसठशीत असतात, खुरप्याने भोवती फिरता येतं, आणि भोपळ्याची पानं जमीन झाकतात. मेथी, कोथिंबीर, गाजर, कांदा यांची हौस पुढच्या वर्षावर टाक. त्यांच्या बारीक रोपांत उगवलेलं गवत वेचताना रोपंच उपटली जातात.

येत्या रविवारी कुदळ चालवण्याआधी एकच काम कर. तुकड्याच्या मधोमध फूटभर लांब-रुंद आणि दीड फूट खोल खड्डा खण, काठोकाठ पाणी भर, जिरलं की पुन्हा भर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला जा. पाणी शिल्लक आहे का, आणि तळाशी काय लागलं, काळी माती, मुरूम की कुणी आणून टाकलेला राडारोडा, हे मला लगेच कळव. वाफे सपाट करायचे की उचलून, ते त्यावरून ठरवू.