सही करण्याआधी एवढं बघ

मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीची ऑफर आली, अभिनंदन! पण पॅकेजच्या आकड्यावर जाऊ नकोस, हातात किती येणार ते विचार. सीटीसीत, म्हणजे कंपनी तुझ्यावर वर्षाला करणार त्या एकूण खर्चात, कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा सगळं धरलेलं असतं.

मोठ्या कंपनीत तुझा कोड कुणीतरी बारकाईने तपासतं, चुका दाखवतं. लाखो लोक वापरतात ती सिस्टिम रात्री बंद पडली तर काय करायचं, हे डोळ्यांसमोर शिकायला मिळतं. ही शिस्त मला आधीच्या छोट्या कंपनीत मिळाली नव्हती. आईवडिलांना आरोग्य विम्यात घेता येत असेल तर नक्की घे. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी मला त्यानेच तारलं.

मात्र काम तुकड्यातुकड्यांत मिळतं. दीड वर्ष मी एकाच स्क्रीनचे बग, म्हणजे कोडमधल्या चुका, सोडवत बसलो, कारण प्रोजेक्ट बदलून मागायची भीती वाटली. तू सहा महिन्यांनी मॅनेजरशी स्पष्ट बोल. नोकरी सोडताना द्यायचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे का, तेही वाच.

आणि ऑफिस नक्की कुठे? डोंबिवलीहून ठाण्याला गाडी बदलून ऐरोली जमतं. अंधेरीचं सीप्झ (तिथली कंपन्यांची वसाहत) असेल तर घाटकोपरला उतरून पुढे मेट्रो, तीही मरोळ नाक्याला बदलायची. आठवड्यातून किती दिवस यावं लागेल, हे एचआरकडून ईमेलवर लिहून घे.